ताळेबंदाबाहेरचे देणे : हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि शाश्वततेचा प्रश्न

(उद्योजक, व्यवस्थापनशास्त्राचे विद्यार्थी आणि सामाजिक कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



आजचा विषय काहीसा अनोळखी वाटण्याची शक्यता आहे. अमेरिकेतील एका विद्यापीठाची व्यवस्थापनशाळा पर्यावरणाविषयी काय शिकवते, याच्याशी आपला काय संबंध, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे आणि मगच मूळ विषयाकडे वळावे, हे उचित होईल.

बॉस्टन शहरात, चार्ल्स नदीच्या काठी हार्वर्ड बिझनेस स्कूल उभे आहे. त्याची स्थापना १९०८ सालची. दरवर्षी नऊशेहून अधिक विद्यार्थी तेथील दोन वर्षांच्या एम.बी.ए. अभ्यासक्रमात प्रवेश घेतात. संख्या म्हणून हा आकडा लहान आहे. परंतु तेथे काय शिकवावे आणि कसे शिकवावे याचे जे ठरते, त्याचे अनुकरण जगभर होते. एखाद्या कंपनीसमोरचा खरा पेच वर्गात मांडायचा, शिक्षकाने उत्तर न देता विद्यार्थ्यांकडून वादविवादातून ते काढून घ्यायचे, ही केस स्टडीची पद्धत त्या शाळेने रुजवली. १९६१ साली अहमदाबादला भारतीय व्यवस्थापन संस्था सुरू झाली ती हार्वर्डच्या सहकार्यानेच, आणि ही पद्धतही तिच्यासोबत आपल्याकडे आली. २००६ साली त्या शाळेने मुंबईत आपले संशोधन केंद्र उघडले. २०१० साली टाटा समूहातील कंपन्या व विश्वस्त निधी यांनी तिला पाच कोटी डॉलर्सची देणगी दिली. त्यातून उभी राहिलेली टाटा हॉल ही वास्तू आज त्या परिसरात आहे. आणि १ जानेवारी २०२१ रोजी ज्यांनी तिच्या अधिष्ठातापदाची सूत्रे स्वीकारली ते श्रीकांत दातार हे मुंबई विद्यापीठाचे पदवीधर आणि अहमदाबादच्या त्याच संस्थेचे माजी विद्यार्थी आहेत.

सांगण्याचा मुद्दा असा, की आपल्या कारखान्यांचे, बँकांचे आणि सल्लागार संस्थांचे निर्णय घेणारी माणसे ज्या विचारांवर वाढतात, त्यांचा एक मोठा उगम तेथे आहे. तेथील वर्गात नफ्याची जी व्याख्या केली जाते, तिचे परिणाम कालांतराने आपल्या नदीच्या पाण्यात दिसू लागतात. म्हणून हा विषय आपला आहे.

इमारत हिरवी करणे सोपे असते

शाश्वततेसंबंधी कोणत्याही संस्थेचा विचार तीन पातळ्यांवर तपासावा लागतो. ती आपले घर कसे चालवते, आपला पैसा कोठे गुंतवते आणि आपल्या विद्यार्थ्यांना काय शिकवते.

पहिली पातळी सर्वांत सोपी. ऊर्जाबचत करणाऱ्या इमारती, छपरांवरील सौरपट्टे, पाण्याचा पुनर्वापर ही कामे पैसा आणि इच्छा असली की होतात. हार्वर्ड विद्यापीठाने २०१८ साली असे लक्ष्य जाहीर केले, की २०२६ पर्यंत आपल्या कारभारातील खनिज इंधनाच्या वापराची पूर्ण भरपाई करायची आणि २०५० पर्यंत त्या इंधनापासून पूर्णतः मुक्त व्हायचे. उद्दिष्ट स्तुत्यच आहे.

दुसरी पातळी अवघड ठरली. हार्वर्डचा निधी जगातील कोणत्याही विद्यापीठापेक्षा मोठा आहे. कोळसा, तेल आणि वायू कंपन्यांमधील गुंतवणूक काढून घ्या, अशी मागणी विद्यार्थ्यांनी सुमारे दहा वर्षे लावून धरली. २०१३ साली विद्यापीठाच्या तत्कालीन अध्यक्षा ड्रू फॉस्ट यांनी ती नाकारली. निधी हे शिक्षण व संशोधनाचे साधन आहे, सामाजिक वा राजकीय बदल घडवण्याचे हत्यार नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये हार्वर्ड आणि येल यांच्यातील पारंपरिक फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात दोन्ही विद्यापीठांचे विद्यार्थी मैदानात उतरून बसले आणि सामना खोळंबला. सप्टेंबर २०२१ मध्ये पुढील अध्यक्ष लॉरेन्स बॅको यांनी जाहीर केले, की खनिज इंधनाचा शोध व विकास करणाऱ्या कंपन्यांत विद्यापीठाची थेट गुंतवणूक नाही आणि यापुढेही केली जाणार नाही.

या घटनाक्रमाकडे लक्ष द्यायला हवे. जगातील नामांकित अर्थतज्ज्ञ आणि व्यवस्थापनतज्ज्ञ जेथे शिकवतात, तेथेही 'आपला पैसा कोणते काम करतो' हा प्रश्न प्राध्यापकांच्या सिद्धान्तांमुळे सुटला नाही. तो विद्यार्थ्यांच्या आग्रहामुळे सुटला, आणि त्यालाही दशक लागले. विचार आणि आचार यांतील अंतर ज्ञानाने आपोआप भरून निघत नाही, हाच त्याचा अर्थ.

नफा हेच कर्तव्य : या विचाराचा प्रवास

आता तिसरी आणि खरी पातळी : शिकवण.

ही शाळा सुरू झाली तेव्हा व्यवस्थापन हा वैद्यक किंवा वकिली यांच्यासारखा, समाजाप्रति काही बांधिलकी असणारा व्यवसाय व्हावा, अशी धारणा होती. हार्वर्डमधीलच प्राध्यापक राकेश खुराणा यांनी २००७ साली प्रकाशित केलेल्या ग्रंथात हा इतिहास मांडला आहे. त्यांचा निष्कर्ष कठोर आहे. ज्या संस्था उच्च ध्येयांनी सुरू झाल्या, त्या पुढे भागधारकांसाठी भाडोत्री काम करणारे व्यवस्थापक घडवू लागल्या, असे त्यांनी दाखवून दिले.

हे कसे घडले? १३ सप्टेंबर १९७० रोजी शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी एका लेखात प्रतिपादन केले, की कायद्याच्या व प्रचलित नीतिनियमांच्या मर्यादेत राहून नफा वाढवणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी. १९७६ साली मायकेल जेन्सन आणि विल्यम मेकलिंग यांनी या विचाराला सैद्धान्तिक चौकट दिली. व्यवस्थापक हा मालकांचा प्रतिनिधी आहे. तो मालकाऐवजी स्वतःचे हित पाहील ही जोखीम आहे. तेव्हा त्याचे हित भागधारकांच्या हिताशी बांधून टाकावे, असे त्याचे सार. जेन्सन १९८५ पासून हार्वर्डमध्ये होते. व्यवस्थापकांचे वेतन शेअरच्या भावाशी जोडण्याची जी प्रथा पुढे सार्वत्रिक झाली, तिचे एक प्रमुख वैचारिक केंद्र म्हणजे हीच शाळा.

या विचारात एक शिस्त होती, हे मान्य केले पाहिजे. कंपनीच्या पैशावर स्वतःची चैन करणाऱ्या व्यवस्थापकांना त्याने लगाम घातला. परंतु त्यात एक पोकळीही होती. ज्याची किंमत बाजारात ठरत नाही, ते या हिशेबात येतच नाही. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या धुराला भाव नाही, म्हणून तो ताळेबंदात नाही. नदीत सोडलेल्या रंगाच्या पाण्याचे बिल कोणी पाठवत नाही, म्हणून तो खर्च नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत याला बाह्य परिणाम म्हणतात. साध्या मराठीत सांगायचे, तर आपले देणे दुसऱ्याच्या नावावर टाकणे.

डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन कोसळली. तिचे प्रमुख राहिलेले जेफ्री स्किलिंग हे याच शाळेचे १९७९ सालचे पदवीधर. त्यानंतर २००४ पासून नेतृत्व आणि कंपनीचे उत्तरदायित्व या विषयाचा अभ्यासक्रम तेथे सर्वांना अनिवार्य झाला. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर, २००९ साली बाहेर पडणाऱ्या शेकडो विद्यार्थ्यांनी डॉक्टरांच्या धर्तीवर एक शपथ घेतली. आपण व्यापक समाजहिताचे भान ठेवू, असा तिचा आशय होता. हेतू प्रामाणिक होता. मात्र डॉक्टरने शपथ मोडली तर त्याचा परवाना जाऊ शकतो. व्यवस्थापकाला परवाना लागतच नाही. ज्या शपथेच्या भंगाला शिक्षा नाही, तिचे बळ घेणाऱ्याच्या चारित्र्याइतकेच असते.

प्रदूषण म्हणजे वाया गेलेला माल

शाश्वततेच्या बाजूने हार्वर्डमधून जो पहिला प्रभावी विचार आला, तो नीतीच्या भाषेत नव्हता. तो स्पर्धेच्या भाषेत होता. स्पर्धाशास्त्राचे प्रसिद्ध अभ्यासक मायकेल पोर्टर यांनी १९९१ साली एक छोटा लेख लिहिला आणि १९९५ मध्ये क्लास व्हॅन डर लिंड यांच्यासह तो विचार विस्ताराने मांडला. पर्यावरणाचे कडक पण नीट आखलेले नियम उद्योगाला मारक ठरतातच असे नाही. उलट ते त्याला नवे मार्ग शोधायला भाग पाडतात, असे त्यांचे म्हणणे. कारण प्रदूषण म्हणजे काय? पैसे देऊन विकत घेतलेला, पण मालात न उतरलेला कच्चा माल. जो नाल्यातून वाहून जातो तो आपलाच पैसा असतो.

त्यांनी दिलेले हॉलंडच्या फुलशेतीचे उदाहरण मार्मिक आहे. लहानशा भूभागावर दाटीने केलेल्या लागवडीमुळे तेथील माती व भूजल कीटकनाशकांनी आणि खतांनी दूषित होत होते. नियम कडक झाले तेव्हा शेतकऱ्यांनी मातीऐवजी पाणी व कृत्रिम माध्यमावर, बंदिस्त हरितगृहांत लागवड सुरू केली. तेच पाणी फिरून फिरून वापरले जाऊ लागले. खतांचा व औषधांचा वापर उतरला आणि फुलांचा दर्जा सुधारला.

२०११ साली पोर्टर आणि मार्क क्रेमर यांनी यापुढचे पाऊल टाकले. समाजाची गरज भागवतानाच नफा मिळवावा, दानधर्म म्हणून वेगळे काही करण्याची आवश्यकता नाही, अशी 'सामायिक मूल्या'ची कल्पना त्यांनी मांडली. जगभरच्या संचालक मंडळांना ती भावली. आणि ती का भावली, हे पाहिले की तिची मर्यादाही कळते. तीत कोणालाच काही सोडावे लागत नाही. जेथे समाजाचे हित आणि कंपनीचा नफा एका दिशेने जातात, तेथे ती उत्तम लागू पडते. जेथे त्यांची दिशा फुटते, तेथे काय करावे, याविषयी ती फारसे सांगत नाही. २०१४ साली काही अभ्यासकांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता.

फाटा फुटतो तेथे काय होते?

हा आक्षेप केवळ पुस्तकी नाही. दोन उदाहरणे पाहू.

युनिलिव्हर ही जगातील व्यवस्थापनशाळांची आवडती कंपनी. २००९ साली प्रमुख झालेल्या पॉल पोलमन यांनी दर तिमाहीला नफ्याचे आकडे जाहीर करण्याची प्रथा बंद केली. २०१० मध्ये त्यांनी शाश्वत जीवनाची महत्त्वाकांक्षी योजना आणली. फेब्रुवारी २०१७ मध्ये क्राफ्ट हाइन्झ या कंपनीने युनिलिव्हर विकत घेण्यासाठी सुमारे १४३ अब्ज डॉलर्सचा प्रस्ताव दिला. तो दोन-तीन दिवसांत मागे घेतला गेला. परंतु त्यानंतर युनिलिव्हरला भागधारकांचे समाधान करण्यासाठी खर्चकपात, शेअरची पुनर्खरेदी आणि वाढीव नफ्याची हमी यांकडे वळावे लागले. २०२४ साली कंपनीने नव्या प्लास्टिकच्या वापरातील कपातीचे आपले लक्ष्यच खाली आणले.

याच कंपनीचे दुसरे प्रकरण आपल्या देशातील आहे. अमेरिकेत वॉटरटाऊन येथे असलेला पाऱ्याच्या तापमापकांचा कारखाना १९८० च्या दशकात तमिळनाडूतील कोडाईकनाल येथे हलवण्यात आला. पुढे तो हिंदुस्तान लिव्हरकडे आला. मार्च २००१ मध्ये स्थानिक लोकांना एका भंगाराच्या आवारात पारा लागलेल्या काचेचा ढीग सापडला आणि कारखाना बंद पडला. २००३ साली सुमारे २९० टन पारायुक्त कचरा अमेरिकेला परत पाठवावा लागला. कामगारांच्या आजारांना कारखाना कारणीभूत असल्याचे कंपनीने मान्य केले नाही. मात्र १५ वर्षांच्या लढ्यानंतर, मार्च २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी तिने समझोता केला. एकीकडे जगाला शाश्वततेचा आदर्श म्हणून दाखवली जाणारी योजना आणि दुसरीकडे पंधरा वर्षे दाराशी तिष्ठत राहिलेले कामगार, या दोन्ही गोष्टी एकाच कंपनीच्या इतिहासात आहेत. अहवालाच्या गुळगुळीत पानांवर पहिली ठळकपणे येते. दुसरी येण्यासाठी कोणाला तरी लढावे लागते.

दुसरे उदाहरण फ्रान्सच्या दानोन या दूध व अन्नपदार्थांच्या कंपनीचे. जून २०२० मध्ये तिच्या ९९ टक्क्यांहून अधिक भागधारकांनी सामाजिक व पर्यावरणीय उद्दिष्टे कंपनीच्या घटनेत लिहिण्यास संमती दिली. मार्च २०२१ मध्ये, म्हणजे अवघ्या नऊ महिन्यांत, परतावा कमी पडतो म्हणून काही गुंतवणूकदारांनी दबाव आणला आणि या बदलाचे प्रवर्तक इमॅन्युएल फेबर यांना पद सोडावे लागले. मत देताना ९९ टक्के आणि भाव घसरताच दुसरा सूर! उद्दिष्ट घटनेत लिहिले, पण मालकांचे मन बदलले नाही, तर त्याचे काय होते हे यातून दिसते.

हार्वर्डमध्ये याची जाणीव नाही असे मुळीच नाही. प्राध्यापिका रिबेका हेंडरसन यांनी तेथे भांडवलशाहीची पुनर्मांडणी करणारा अभ्यासक्रम सुरू केला. सुरुवातीला मोजके विद्यार्थी होते, पुढे ती संख्या तीनशेच्या घरात गेली. २०२० साली त्यांचा याच विषयावरील ग्रंथ आला. त्यांचे प्रतिपादन असे, की एकटी कंपनी कितीही सद्हेतूने वागली तरी ती एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. गुंतवणूकदारांची दृष्टी बदलावी लागते, संपूर्ण उद्योगक्षेत्राला एकत्र येऊन नियम पाळावे लागतात आणि त्यामागे सक्षम शासन व जागरूक लोकशाही असावी लागते. फ्रीडमन यांच्या अर्धशतकानंतर, बाजाराच्या सर्वांत मोठ्या पाठशाळेतून 'बाजार एकटा पुरेसा नाही' असे सांगितले जाते, ही साधी गोष्ट नव्हे.

हिशेबनिसांचे काम

परंतु माझ्या मते हार्वर्डचे सर्वांत टिकाऊ कार्य कोणते असेल, तर ते हिशेबशास्त्रातील आहे. भाषणे विसरली जातात. हिशेबाचा रकाना मात्र एकदा आला की सहसा जात नाही.

प्राध्यापक जॉर्ज सेराफेम यांनी २०१९ मध्ये, कंपनीच्या कारभाराचे समाजावर व निसर्गावर होणारे परिणाम पैशात मोजून ते हिशेबात दाखवण्याचा प्रकल्प हाती घेतला. २०१८ सालच्या आकड्यांवरून, नफ्यात असलेल्या सुमारे १,७०० कंपन्यांचा असा हिशेब मांडला गेला. त्यांपैकी २५२ कंपन्यांनी केलेली पर्यावरणाची हानी त्यांच्या संपूर्ण नफ्याहून अधिक निघाली. म्हणजे या कंपन्यांनी वाटलेला लाभांश, एका अर्थाने, दुसऱ्या कोणाच्या तरी घरून आणलेला होता.

येथे एक सावधगिरीची सूचनाही द्यायला हवी. सेराफेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये असे मांडले होते, की आपल्या उद्योगाच्या दृष्टीने महत्त्वाच्या शाश्वतता-प्रश्नांवर चांगले काम करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरनी अधिक परतावा दिला. या निष्कर्षाचा जगभर उदोउदो झाला. २०२२ साली अन्य संशोधकांनी तीच आकडेवारी निरनिराळ्या पद्धतींनी तपासली, तेव्हा तो निष्कर्ष पुरेसा भक्कम नसल्याचे त्यांनी दाखवले. 'चांगले वागा, अधिक पैसा मिळेल' हे आश्वासन म्हणूनच जपून वापरले पाहिजे. उद्या पैसा मिळाला नाही, तर चांगले वागण्याचे कारणच संपले, असे ऐकणारा म्हणेल.

रॉबर्ट कॅप्लन आणि ऑक्सफर्डचे कार्तिक रामण्णा यांनी २०२१ च्या अखेरीस मांडलेली योजना मला त्याहून मोलाची वाटते. आज मोठी कंपनी आपल्या पुरवठादारांनी सोडलेला कार्बन सरासरीच्या अंदाजाने मोजते. त्यामुळे एकच धूर दोघा-तिघांच्या हिशेबात येतो, आणि खरा कोणाचा हे कळत नाही. या दोघांनी सुचवले, की प्रत्येक उत्पादकाने मालासोबत त्या मालाचे कार्बनचे देणेही पुढच्या ग्राहकाकडे सोपवावे. आपल्याकडील व्यापाऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. वस्तू आणि सेवा करात मागच्याने भरलेला कर जसा बिलागणिक पुढे सरकतो, तसेच हे. खाणीतून निघालेल्या लोहखनिजाचे देणे पोलाद कारखान्याकडे येईल. तो त्यात आपल्या भट्टीचे देणे मिळवून पिंपरी-चिंचवडच्या सुट्या भागांच्या कारखानदाराकडे देईल. तो आपली भर घालून मोटार कंपनीकडे देईल. ज्याची भट्टी स्वच्छ, त्याच्या बिलावरचा बोजा हलका. अशा हिशेबात लपायला जागा राहत नाही आणि प्रामाणिक लहान कारखानदाराला त्याचे श्रेय आकड्यात मिळते.

हे दूरचे स्वप्न राहिलेले नाही. युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते आदींच्या आयातीवर कार्बनचा आकार लावण्याची यंत्रणा उभी केली असून तिचा प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा १ जानेवारी २०२६ पासून सुरू झाला. आपल्याकडे 'सेबी'ने २०२१ साली व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवालाची पद्धत आणली आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना तो बंधनकारक केला. या कंपन्या आता आपल्या पुरवठादारांना आकडे विचारू लागल्या आहेत. लघुउद्योजकाने आजच आपल्या विजेचा, इंधनाचा आणि सांडपाण्याचा नीट हिशेब ठेवायला सुरुवात केली, तर उद्या त्याला तो सल्लागाराकडून महाग दराने विकत घ्यावा लागणार नाही.

डबेवाल्यांची केस

आता आपल्या अभिमानाच्या एका विषयाकडे वळतो. २०१० साली हार्वर्डचे प्राध्यापक स्टीफन थॉमके यांनी मुंबईच्या डबेवाल्यांवर केस लिहिली. १८९० च्या सुमारास सुरू झालेली ही सेवा, मावळ व लगतच्या भागांतील सुमारे पाच हजार माणसे, रोज सव्वा लाखाहून अधिक डबे, रंग आणि अंकांची सांकेतिक खूण आणि जवळजवळ न चुकणारी पोच. जगातील विद्यार्थी हे अचंब्याने वाचतात.

ती केस सेवेच्या गुणवत्तेचा अभ्यास म्हणून लिहिली गेली. परंतु शाश्वततेच्या दृष्टीने तीच व्यवस्था पुन्हा पाहा. सायकल, हातगाडी आणि नाहीतरी धावणारीच लोकल. रोज रिकामा होऊन घरी परतणारा आणि वर्षानुवर्षे टिकणारा धातूचा डबा. एकदाच वापरून फेकायचे काहीही नाही. मिळकतीत सर्वांचा जवळपास सारखा वाटा. शाश्वततेवरील कितीतरी ग्रंथांत जे उद्दिष्ट म्हणून लिहिले जाते, ते येथे रोजच्या रोज घडत होते.

मात्र येथेच थांबून 'हे आमच्याकडे पूर्वीपासून होतेच' असे म्हणत समाधान मानणे योग्य नाही. २०२० च्या टाळेबंदीत कार्यालये बंद झाली आणि त्यानंतर घरून काम करण्याची पद्धत रुळली. डबेवाल्यांची संख्या मोठ्या प्रमाणात घटली. अनेकांना गावी परतावे लागले किंवा दुसरे काम शोधावे लागले. त्याच ग्राहकांच्या दारात आज दुचाकीवरून, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या डब्यांत जेवण येते. जगप्रसिद्ध विद्यापीठाचे प्रशस्तिपत्र त्यांच्या उपयोगी पडले नाही. कारण डबा परत नेण्याची, धूर न काढण्याची किंमत त्यांना कधीच कोणी मोजली नव्हती, आणि प्लास्टिक फेकण्याची किंमत इतरांकडून कोणी वसूल केली नाही. ज्याचा हिशेब होत नाही, ते चांगले असले तरी टिकतेच असे नाही.

आपण काय घ्यावे?

बंधू-भगिनींनो, गेल्या काही वर्षांत वारे पुन्हा फिरले आहेत. अमेरिकेच्या रोखे आयोगाने मार्च २०२४ मध्ये हवामानविषयक माहिती उघड करण्याचे नियम संमत केले आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयात त्यांची बाजू मांडणेच सोडून दिले. २०२१ साली गाजावाजाने स्थापन झालेल्या बँकांच्या जागतिक हवामान आघाडीने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपले काम बंद केले. शाश्वतता ही ज्यांच्यासाठी फॅशन होती, त्यांची फॅशन बदलली. परंतु हवेतील कार्बन आणि नदीतील रसायन यांना फॅशन कळत नाही.

म्हणून हार्वर्डच्या या शतकभराच्या वाटचालीतून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत, असे मी नम्रपणे सुचवतो.

पहिली, अपव्यय आणि प्रदूषण यांचे नाते. आपल्या कारखान्यातून जे बाहेर फेकले जाते ते प्रथम मोजा. तेवढ्यानेच काही खर्च उतरतील आणि त्यासाठी कोणाच्या उपदेशाची गरज लागणार नाही.

दुसरी, हिशेबाची शिस्त. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करणे आवश्यक केले. त्यातून शाळा, दवाखाने, जलसंधारण अशी उत्तम कामे उभी राहिली आहेत. पण दोन टक्क्यांच्या वृक्षारोपणाचे छायाचित्र काढताना, उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळवले, हेही कोणी विचारले पाहिजे. देणगी हे दान आहे. सांडपाणी शुद्ध करणे हे देणे आहे. दानाने देणे फिटत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. नफा आणि निसर्ग यांचे मार्ग जेथे वेगळे होतात तेथे काय करायचे, याचे उत्तर जगातील कोणतीही व्यवस्थापनशाळा सूत्ररूपाने देऊ शकलेली नाही. तेथे दोनच गोष्टी कामी येतात. एक, सर्वांना सारखा लागू होणारा आणि खरोखर अमलात येणारा कायदा, ज्यामुळे प्रामाणिक माणूस स्पर्धेत मागे पडणार नाही. आणि दुसरी, कायदा पाहत नसतानाही 'हे माझे देणे आहे' असे म्हणणारा माणूस. पहिली गोष्ट शासनाकडून, संघटितपणे मागून मिळवावी लागते. दुसरी घरात, शाळेत आणि आपण स्वतः चालवत असलेल्या कामाच्या ठिकाणी घडवावी लागते.

समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या अहमदाबादला किंवा बॉस्टनलाही जातील. त्यांनी अवश्य जावे, तेथील सर्वोत्तम ते शिकावे. मात्र तेथील वर्गात एखाद्या कंपनीची यशोगाथा चर्चेला येईल, तेव्हा एक प्रश्न विचारण्यास संकोचू नये : या नफ्यातील किती भाग कंपनीने मिळवला, आणि किती भाग अशा कोणाचा आहे, जो या वर्गात नाही? हा प्रश्न विचारणारे विद्यार्थी वाढले, तेव्हाच त्या शाळेतही बदल झाले, हे आपण पाहिलेच आहे.